वेळेवर

मशिदीमागच्या उघड्या जागेत एक खांब आहे,
बोरीच्या लाकडाचा, माझ्याहून हातभर उंच.
भोवती जमिनीत पुरलेले दगड,
काहींना चुना लावलेला, काही नुसतेच दगड.
परक्याला वाटेल, शेळ्या बांधायची जागा.

वडील इथे पाणी वाटतात.
फलज डोंगराच्या पोटातून येतो, वीतभर खोल,
आणि चाळीस घरांच्या खजुरांना पुरवायचा असतो.
या दगडावरून त्या दगडावर सावली गेली
की एक अथर झाला.
झहरानचे तीन, मशिदीचा एक,
मुहन्नाच्या मागे राहिलेल्या रय्याचा अर्धा.
तिच्यासाठी दोन दगडांच्या मध्ये
मुठीएवढा एक गोटा आहे.

मी मस्कतहून आलो
तेव्हा मनगटावर उपग्रहांशी बोलणारं घड्याळ होतं.
समुद्रापासूनची उंची, नाडीचे ठोके, किब्ल्याची दिशा,
आणि सूर्य आज किती वाजता मावळणार
हे सूर्याच्या आधी.
वडिलांनी ते उलटंपालटं करून पाहिलं,
पाठीमागचा हिरवा दिवा अंगठ्याने झाकला,
पुन्हा उघडला.
"छान आहे," म्हणाले,
आणि परत दिलं.

मी मोजलं. मोजणं हा माझा पेशाच आहे.
जूनमधला अथर चौतीस मिनिटांचा,
डिसेंबरातला जेमतेम साडेसव्वीस.
रात्री जेवताना बोलून गेलो,
बाबा, तुमचा खांब दोन तोंडांनी बोलतो.

त्यांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.
"उन्हाळ्यात पाट बारीक होतो.
बारीक पाण्याला शेवटच्या झाडापर्यंत जायला
वेळ जास्त लागतो.
हे तुझ्या घड्याळाला कुणी सांगितलंय?"

"आणि रात्रीच्या पाळीवाल्यांचं काय?"

"पुढच्या फेरीत त्यांच्या वाट्याला दिवस येतो."
मग कॉफी आली. विषय संपला.

संपला नव्हता.
झहरानच्या पोराने, खल्फानने, फोनवर सगळी पाळी बसवली,
अर्ध्या तासाचा अथर, सगळ्यांना सारखा,
आणि जुलैतल्या एका दुपारी
रय्याचं दार पंधराव्या मिनिटाला बंद केलं.
ती आली घोट्यापर्यंत चिखलात, फावडं हातात.
"माझा गोटा अजून दोन बोटं लांब आहे."
खल्फान फोन दाखवायला गेला.
तो पाटाच्या भिंतीवर उन्हात राहिलेला,
काळ्या काचेवर एकच ओळ:
उपकरण थंड होऊ द्या.
"देऊ का," रय्या म्हणाली, "माझ्यातलं थोडं पाणी त्याला?"

सगळे हसले. मीही हसलो,
मनगट पाठीमागे धरून.

मग धूळ आली.
तीन दिवस आकाश पिठाच्या रंगाचं,
खांब उभा, पण त्याला सावलीच नाही.
म्हाताऱ्यांना रात्री ताऱ्यांवरून वेळ काढता येते,
पण दिवसा धुळीवरून कुणालाच नाही.
वडील नेहमीच्या जागी बसून होते,
गुडघ्यांवर हात, नजर दगडांवर.
बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले,
"किती झाले?"

अठ्ठावीस, मी म्हणालो.
झहरानकडचा माणूस तीस होताच दार पाडायला उठला.
मी हाताने त्याला थांबवलं.
एकतीस. बत्तीस.
कुणी काही विचारलं नाही.
पाणी मातीत शिरताना चर्र करत होतं.
चौतीस झाली तेव्हा मी हात वर केला,
आणि वडिलांनी कपाळावरची धूळ पुसली, एवढंच.

चौथ्या दिवशी ऊन पडलं.
मी लगबगीने खांबाशी गेलो,
घड्याळ आणि दगड ताडून पाहायला वाकलो.
"सरक," वडील मागून म्हणाले,
"वेळेवर उभा आहेस."

मस्कतच्या कचेरीत याच गोष्टीसाठी
मला दोनदा प्रशस्तिपत्रक मिळालं होतं.
मी सरकलो. माझी सावली माझ्यामागून सरकली,
आणि तिच्याखालून निघाला
मुठीएवढा गोटा,
आणि त्याला नुकतंच टेकलेलं
खांबाचं टोक.
पलीकडे रय्या फावडं घेऊन उभीच होती,
कधीपासून कोण जाणे.